गॉगलमधलं पाणी आणि शेवटची भिंत : फेल्प्सच्या २०० मीटर बटरफ्लायचं प्रकरण

१३ ऑगस्ट २००८ ची सकाळ, बीजिंग ऑलिम्पिकचा जलतरण तलाव वॉटर क्यूब, पुरुषांच्या २०० मीटर बटरफ्लायची फायनल. अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने डाइव्ह मारली आणि पाण्यात शिरल्या शिरल्या त्याच्या गॉगलमध्ये पाणी यायला लागलं. आधी थोडं, मग प्रत्येक लांबीला जास्त, आणि शेवटच्या शंभर मीटरला तर त्याला समोरची भिंत दिसत नव्हती, तळाची काळी रेघ दिसत नव्हती, शेजारच्या लेनमध्ये कोण किती पुढे आहे तेही नाही. गॉगल काढून टाकायचा म्हटलं तरी सोय नाही कारण पट्टा कॅपखाली दाबलेला, आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदमच पुढे आले पाहिजेत, मधेच एक हात सोडून गॉगल सरळ करायला गेलात तर डिसक्वालिफाय व्हायची वेळ. तरी तो जिंकला. १ मिनिट ५२.०३ सेकंद, नवा जागतिक विक्रम, आधीचा १:५२.०९ चा विक्रमही त्याचाच, २००७ च्या मेलबर्न वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला. हंगेरीचा लास्लो चेह १:५२.७० मध्ये दुसरा आणि जपानचा ताकेशी मात्सुदा १:५२.९७ मध्ये तिसरा.

पोहणारं मूल ज्या घरात आहे त्या घरात ही गोष्ट बहुतेक माहीत असते, आणि ती सांगितली जाते ती अशी की बघा, इच्छाशक्ती असेल तर माणूस आंधळा होऊनही जिंकतो. मला हे सांगणं पटत नाही आणि मुलांसमोर तर ते सांगूच नये असं वाटतं, कारण त्या फायनलमधल्या आठही जणांकडे इच्छाशक्ती होती, नसती तर ते तिथपर्यंत आलेच नसते. इच्छाशक्तीने भिंत किती लांब आहे हे कळत नाही. ते कळायला दुसरंच काहीतरी लागतं आणि ते फेल्प्सकडे का होतं हा या प्रकरणाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा चार वर्षांनी लंडनमध्ये घडला, तोच माणूस, तीच रेस, आणि तिथे तो शेवटच्या भिंतीवर हरला. हे दोन अर्धे मी मुद्दाम एकत्र मांडतोय कारण दोन्हीमागचं कारण एकच आहे.

आधी पाण्यात नेमकं काय झालं ते बघू. दिसणं बंद झाल्यावर फेल्प्सने स्ट्रोक मोजायला सुरुवात केली. पन्नास मीटरच्या शेवटच्या लांबीला आपल्याला एकोणीस-वीस, फार तर एकवीस स्ट्रोक लागतात हे त्याला माहीत होतं, त्यामुळे भिंत कधी येणार हे डोळ्याने नाही तर आकड्याने कळत होतं. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण मोजता येणं वेगळं आणि तो आकडा भरवशाचा असणं वेगळं. दमल्यावर स्ट्रोक आखूड होतो, पहिल्या लांबीला सोळा लागले तर चौथीला बावीसही लागू शकतात, आणि ज्याचा स्ट्रोक दमल्यावर मोडतो त्याच्या मोजणीला काही अर्थच उरत नाही. म्हणजे फेल्प्सचा आकडा उपयोगी पडला कारण शेवटच्या लांबीलाही, पाय जड झालेले असताना, त्याचा स्ट्रोक साधारण ठरल्या लांबीचाच पडत होता. ते एका सकाळच्या जिद्दीने होत नाही, वर्षानुवर्षं दमलेल्या अवस्थेत स्ट्रोक न मोडता पोहण्याने होतं. बॅकस्ट्रोकवाल्यांना हे लगेच कळेल, त्यांना भिंत कधीच दिसत नाही, पाच मीटर आधी वर टांगलेले झेंडे दिसले की तिथून पुढे आपले किती स्ट्रोक हे ते लहानपणापासून मोजतात. बटरफ्लायवाला सहसा मोजत नाही कारण त्याला दिसतंय ना, मग कशाला मोजा. फेल्प्स मोजत होता.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, तो गोंधळला नाही. रेसमध्ये अनपेक्षित काही झालं की डोकं त्या गोष्टीकडे पळतं, आता काय करू, आता काय करू, आणि तेवढ्यात श्वासाची लय जाते, किक सुटते, टर्न चुकतो. गॉगलमधल्या पाण्याने रेस हरत नाही कोणी, त्या दोन-तीन सेकंदांच्या घबराटीने हरतो. फेल्प्सला मात्र आता काय करू हा प्रश्न पडलाच नाही कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

ते कसं ठरलं, त्यासाठी बाल्टिमोरला जावं लागतं. नॉर्थ बाल्टिमोर अॅक्वाटिक क्लबमध्ये १९९६ च्या सुमारास बॉब बोमन हा कोच आला तेव्हा फेल्प्स अकरा वर्षांचा होता. शाळेत एका जागी बसवत नाही म्हणून एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालेलं, हरला की गॉगल फेकून द्यायचा, असा मुलगा. बोमनने त्याच्यावर दोन प्रकारचं काम केलं आणि दोन्ही एकमेकांशी जोडलेलं होतं.

पहिलं म्हणजे शांत होणं. रात्री झोपताना त्याची आई त्याला सूचना वाचून दाखवायची, मूठ आवळ, सोड, खांदे आवळ, सोड, असं करत एकेक अंग सैल सोडायचं. मग तशा सैल अवस्थेत डोळे मिटून पूर्ण रेस मनात पोहायची, ब्लॉकवर उभं राहिल्यापासून ते फिनिश करून टाइमिंग बघेपर्यंत. बोमन याला व्हिडिओ टेप म्हणायचा आणि प्रॅक्टिसमध्येही ओरडून सांगायचा की आता टेप लाव. पण यात लोकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट अशी की ती टेप फक्त सगळं छान होण्याची नव्हती. स्टार्ट चुकला तर, पोशाख फाटला तर, गॉगल निघाला तर, पहिल्या शंभरला मागे पडलो तर, अशा बिघडलेल्या रेसच्याही टेप होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीत पुढे काय करायचं हेही पोहून झालेलं होतं. आपल्याकडे मुलांना सांगतात पॉझिटिव्ह विचार कर, वाईट मनात आणू नको. फेल्प्सच्या बाबतीत बरोबर उलटं केलं गेलं, वाईट मुद्दाम मनात आणलं आणि त्याला उत्तर शोधून ठेवलं.

दुसरं म्हणजे ते खरंच पाण्यात घडवून आणणं. ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेच्या वेळी बोमनने फेल्प्सच्या नकळत त्याच्या गॉगलवर पाय देऊन तो तडकवला आणि रेसमध्ये डाइव्ह मारल्यावर त्यात पाणी भरलं. बोमनने हे पुढे स्वतःच सांगितलंय. म्हणजे २००८ ला जे झालं ते फेल्प्सला नवीन नव्हतं, एका कमी महत्त्वाच्या दिवशी ते आधी होऊन गेलेलं होतं.

याला रोजच्या सवयींचा पाया होता हे विसरून चालणार नाही. बोमनचा हिशेब साधा होता, बाकीचे रविवारी सुट्टी घेतात, आपण रविवारी पोहलो तर वर्षाला बावन्न दिवस जास्त मिळाले. सलग पाच-सहा वर्षं एकही दिवस चुकवला नाही, वाढदिवस नाही, ख्रिसमस नाही, असं फेल्प्स स्वतः सांगतो. (हे आपल्या बारा वर्षांच्या मुलाला लावू नका, याबद्दल पुढे लिहितोय.) पंधराव्या वर्षी तो सिडनी ऑलिम्पिकला गेला, याच २०० बटरफ्लायमध्ये पाचवा आला, आणि मार्च २००१ मध्ये ऑस्टिनला १:५४.९२ चा जागतिक विक्रम केला, जागतिक विक्रम करणारा सगळ्यात लहान पुरुष जलतरणपटू.

२००७ च्या शेवटाकडे तो पडला, मनगटाचं हाड तुटलं, ऑपरेशन झालं, ऑलिम्पिक नऊ-दहा महिन्यांवर. हात वापरता येत नाही म्हटल्यावर बरेच जण ते आठवडे वाया गेले असं धरतील, त्याने किक बोर्ड घेऊन नुसती किक मारली आणि सायकल मारली. बटरफ्लायचा बराच जोर किकमधून येतो. बीजिंगला १०० बटरफ्लायमध्ये सर्बियाच्या मिलोराद चाविचला त्याने ०.०१ सेकंदाने हरवलं, ५०.५८ आणि ५०.५९, तेव्हा शेवटच्या मीटरला चाविच हात लांब करून सरकत भिंतीकडे गेला आणि फेल्प्सने अजून एक अर्धा स्ट्रोक घेऊन भिंतीवर हात मारला. हे लक्षात ठेवा कारण लंडनला नेमकं हेच उलटं झालं.

बीजिंगच्या त्या सकाळी तो फिनिशला आला, कॅप आणि गॉगल ओढून काढले, बोर्डकडे डोळे बारीक करून बघितलं आणि नाराज दिसला. त्याला याहून कमी टाइम हवा होता. साधारण तासाभराने तो ४ बाय २०० फ्रीस्टाइल रिलेचा पहिला लेग, म्हणजे पहिले दोनशे मीटर, पोहला आणि अमेरिकेने ६:५८.५६ मध्ये गोल्ड घेतलं, सात मिनिटांच्या आत पहिल्यांदाच कोणी आलं होतं. मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखा तो मधला तास वाटतो. रेस मनासारखी झाली नाही, डोळ्यांत क्लोरीन गेलंय, आणि तासाभरात परत उतरायचंय. चिडचिड करत बसला असता तर रिले बिघडली असती. आपल्या स्पर्धांमध्ये एका दिवसात दोन-तीन इव्हेंट असतात आणि सकाळची एक हीट (प्राथमिक फेरी) बिघडली की दिवसभराचे सगळे इव्हेंट बिघडलेले मूल प्रत्येक जिल्हा स्पर्धेत दिसतं, कोपऱ्यात टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलं, आणि शेजारी आई-बाबा टाइमिंगबद्दल बोलतायत.

आता लंडन. बीजिंगनंतर फेल्प्स ट्रेनिंगला दांड्या मारायला लागला, येतो म्हणून न येणं, आठवड्यात काही दिवसच येणं, बोमनशी भांडणं, हे दोघांनीही पुढे मोकळेपणाने सांगितलंय. लंडनच्या पहिल्याच दिवशी ४०० मिडलेमध्ये, म्हणजे चारही स्ट्रोकच्या रेसमध्ये, तो फायनलला कसाबसा आठव्या नंबरने पोचला आणि चौथा आला. दमसास खोटं बोलत नाही. मग ३१ जुलै २०१२, २०० मीटर बटरफ्लायची फायनल. शेवटच्या भिंतीपर्यंत तो पुढे होता. भिंत जवळ आली तेव्हा अंतर असं होतं की एक पूर्ण स्ट्रोक घ्यावा का हात लांब करून सरकत जावं, आणि तो सरकत गेला. शेजारून दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लोस आला, त्याने हात मारला. ले क्लोस १:५२.९६, फेल्प्स १:५३.०१. पाच शतांश सेकंद, त्या वेगाला साधारण आठ-नऊ सेंटिमीटर होतात, म्हणजे बोटांची लांबी.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, २००८ ला पाण्यात वेग वाढवणारे पॉलिउरेथेनवाले पोशाख चालत होते आणि २०१० पासून बंद झाले, त्यामुळे बीजिंग आणि लंडनच्या टाइमिंगची थेट तुलना करू नये. १:५३.०१ हे काही वाईट पोहणं नव्हतं. पण हरण्याचं कारण टाइमिंगमध्ये नाहीच, फिनिशमध्ये आहे. आणि रेसनंतर फेल्प्सने जे सांगितलं ते मला या खेळातलं सगळ्यात प्रामाणिक बोलणं वाटतं. त्याचा मतलब असा होता की प्रॅक्टिसमध्ये मी बऱ्याचदा भिंतीवर असाच आळशासारखा सरकत यायचो आणि फायनलमध्ये तेच बाहेर आलं.

बघा, बीजिंगला डोळे गेले आणि फिनिश बरोबर पडला, लंडनला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि फिनिश चुकला. दोन्ही वेळा शरीराने तेच केलं जे त्याला रोज करायला लावलं होतं. मनाचा कणखरपणा म्हणतात तो मला इथे दिसतो. तो काही स्पर्धेच्या दिवशी छाती फुगवून आणायचा नसतो. कठीण क्षणी विचार करायला वेळ नसतो आणि त्या वेळी सवय पुढे येते, चांगली असेल तर चांगली, वाईट असेल तर वाईट, ती तुमचं नाव किंवा तुमची मेडल बघून बदलत नाही. त्या रेसपर्यंत फेल्प्सकडे वैयक्तिक आणि रिले मिळून ऑलिम्पिकची चौदा गोल्ड होती, भिंतीला त्याचं काय.

आकडेमोड करून बघा म्हणजे हे किती रोजचं आहे ते कळेल. पन्नास मीटरच्या टँकमध्ये पाच हजार मीटरचं एक सेशन म्हणजे शंभर वेळा भिंत. आठवड्याला सहा सेशन धरली तर सहाशे. पंचवीस मीटरचा टँक असेल तर बाराशे. त्यातल्या सेटच्या (सलग ठरवून दिलेल्या लांब्यांच्या) शेवटच्या भिंतींवर मुलं काय करतात हे कोणत्याही टँकवर जाऊन पंधरा मिनिटं बघा, दोन मीटर आधी डोकं वर, एक हात पुढे, सरकत यायचं, बटरफ्लाय आणि ब्रेस्टला दोन हात एकदम लागले पाहिजेत तिथेही एकच हात, आणि लगेच लेनच्या दोरीला लटकून घड्याळाकडे बघायचं. ही मुलं रोज चुकीच्या फिनिशची प्रॅक्टिस करतायत आणि ती प्रॅक्टिस फार मन लावून होते. त्यात जिल्हा पातळीवर बऱ्याच ठिकाणी अजून स्टॉपवॉचवर टाइम घेतात त्यामुळे सरकत आलं तरी फारसा फरक पडत नाही असं मुलांना वाटतं, आणि मग पुढे टचपॅडवर, म्हणजे भिंतीवर लावलेल्या टाइम घेणाऱ्या पॅडवर, पोहायची वेळ येते तेव्हा हाताला ती सवयच नसते, पॅड दाबलं गेलं पाहिजे तेव्हाच घड्याळ थांबतं.

आपल्या माणसाचं उदाहरण द्यायचं तर कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेलेला, २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समध्ये ५० बटरफ्लायचं ब्राँझ, १९८६ मधल्या खजान सिंगच्या सिल्व्हरनंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं एशियाडचं पदक. मग तहसीलदाराची नोकरी, पोहणं सुटलं, आणि नंतर तो परत आला. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ५० फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३, राष्ट्रीय विक्रम. फायनलमध्ये २२.४७. ब्राँझ गेलं २२.४६ ला. एक शतांश सेकंद, त्या वेगाला साधारण दोन सेंटिमीटर. सकाळी जो टाइम आला तोच फायनलला आला असता तर पदक होतं. मी हे त्याची चूक म्हणून सांगत नाहीये, सरकारी नोकरी सांभाळून इतक्या वर्षांच्या खंडानंतर स्वतःचा जुना विक्रम मोडणं याला जे लागतं ते मला फेल्प्सच्या गॉगलच्या गोष्टीइतकंच मोठं वाटतं. सांगायचंय ते एवढंच की दोन सेंटिमीटर हे आपल्याच लोकांच्या आयुष्यात खरोखर घडलेलं अंतर आहे, अमेरिकेतल्या कोणाचं नाही.

आणि २०० बटरफ्लायच म्हणाल तर साजन प्रकाश. मानेच्या दुखण्यातून उठून जून २०२१ मध्ये रोमला १:५६.३८ पोहला, टोकियो ऑलिम्पिकची ए क्वालिफिकेशन, म्हणजे थेट प्रवेश मिळवून देणारी वेळ, १:५६.४८ होती. थेट ए टाइम काढणारा पहिला भारतीय जलतरणपटू, आणि मधला फरक एक दशांश सेकंद. दोनशे मीटर पोहून दहा शतांशांवर ऑलिम्पिक ठरतं.

तर यातून टँकवर काय करायचं. माझं मत असं आहे की सगळ्यात आधी भिंती सुधारा, बाकीचं नंतर. दोन आठवडे फक्त एवढंच धरा की प्रत्येक सेटची प्रत्येक शेवटची भिंत, वॉर्म-अपमधली सुद्धा, कूल डाउनमधली सुद्धा, रेससारखी लागली पाहिजे, शेवटच्या पाच मीटरला श्वास नाही, डोकं खाली, हात पूर्ण लांब. मुलं पहिले तीन-चार दिवस कुरकुर करतात, मग विसरतात, मग सर आठवण करून देतात, असं चालतं, आणि सर स्वतःच कंटाळले तर सगळं संपलं. म्हणून कोचनेच ठरवायला हवं की आज मी टाइम कमी सांगीन पण फिनिश सगळे बघीन.

स्ट्रोक मोजायची सवय त्याच्याबरोबर लावता येते. आठ वेळा पन्नास, आरामात, प्रत्येकाला किती स्ट्रोक लागले ते भिंतीवर येऊन मोठ्याने सांगायचं. मग मेन सेट झाल्यावर, सगळे दमलेले असताना, परत चार वेळा पन्नास, आणि आकडा किती वाढला ते बघायचं. ताज्या अंगाने एकोणीस आणि दमून चोवीस असेल तर त्या मुलाला अजून ताकदीपेक्षा स्ट्रोक धरून ठेवायला शिकवायचंय, हे कोचला एका दिवसात कळतं, त्याला कोणतं महागडं मशीन लागत नाही. मग थोड्या मोठ्या मुलांना, साधारण तेरा-चौदाच्या पुढे, गॉगलमध्ये मुद्दाम थोडं पाणी घेऊन पोहायला सांगा. लेन मोकळी हवी, एका लेनमध्ये एकच जण, कोच शेवटच्या भिंतीवर उभा, आणि मुलाला आधी माहीत हवं की आज हे करतोय. पहिल्यांदा सगळे थांबतात. नंतर थांबत नाहीत.

इथे बोमनच्या गॉगल तडकवण्याबद्दल बोलायला हवं कारण हे वाचून कोणी उत्साहाने तसं करायला जाईल याची मला खरी काळजी वाटते. फेल्प्सला तो लहानपणापासून ओळखत होता, त्याला हरल्यावर काय होतं, काय पेलतं हे वर्षानुवर्षं बघितलं होतं, स्पर्धा बिनमहत्त्वाची निवडली होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या अडचणीला करता येण्यासारखं उत्तर होतं, मोज आणि पोह. अडचण आणि तिचं उत्तर दोन्ही दिलं तर मूल तयार होतं. नुसती अडचण दिली, ओरडलं, सगळ्यांसमोर टाइमिंगवरून लाज काढली, ताप असताना पाण्यात उतरवलं, तर मूल फक्त घाबरतं, आणि आपल्याकडे कितीतरी ठिकाणी यालाच कणखर बनवणं म्हणतात हे बघून मला मनापासून राग येतो. पहिल्या स्पर्धेला आलेल्या दहा वर्षांच्या मुलीचा गॉगल गळत असेल तर तिला दुसरा द्या, पळत जाऊन द्या.

रविवारचंही तसंच. फेल्प्सचे बावन्न रविवार ऐकून वाढत्या वयाच्या मुलाची सुट्टी काढून घेऊ नका. दहावीचा अभ्यास, पहाटे साडेचारला उठणं, टँकपर्यंत दीड तासाचा प्रवास हे आपल्या मुलांचं खरं आयुष्य आहे, त्यांचे खांदे दुखतात, झोप पूर्ण होत नाही. ठरलेल्या दिवशी न चुकता यायचं, ही सवय त्या गोष्टीतून घेण्यासारखी आहे. आठवड्याला पाच दिवस ठरलेत तर पाचही दिवस, मग सहावा नसला तरी चालेल.

अजून एक गोष्ट या प्रकरणाशिवाय राहूच शकत नाही. ज्या माणसाच्या मनाचं सगळं जग कौतुक करत होतं तो ऑलिम्पिकनंतर प्रत्येक वेळी नैराश्यात जायचा आणि २०१२ नंतर तर जगावंसं वाटत नव्हतं, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. २०१४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, मग उपचार घेतले, बोलायला शिकला. आणि ऑगस्ट २०१६ मध्ये रिओला, एकतिसाव्या वर्षी, तीच २०० बटरफ्लाय त्याने १:५३.३६ मध्ये परत जिंकली, जपानच्या मासातो साकाईपेक्षा ०.०४ ने पुढे. या वेळी शेवटच्या भिंतीवर तो हरला नाही. पाण्यातली शिस्त आणि मन बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली असली म्हणून दुसरी असेलच असं नाही. तुमचा सगळ्यात शिस्तीचा, कधी तक्रार न करणारा पोहणारा अचानक गप्प झाला, झोपत नाही, खात नाही, तर त्याला अजून एक सेट देऊ नका, शेजारी बसा, आणि गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, खांदा दुखला की फिजिओकडे जातो तितक्या सहज.

आता पालकांसाठी, कारण बोमनच्या पद्धतीतला रात्रीचा भाग फेल्प्सच्या आईने केला होता. स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज रात्री दहा मिनिटं, दिवा मंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आधी अंग सैल सोडायचं, मग रेस. एक दिवस सगळं छान झालेली, एक दिवस काहीतरी बिघडलेली. बिघाड मुलानेच निवडायचा, त्याला ज्याची भीती वाटते तो. कॅप फाटली, शेजारच्या लेनवाली मोठी आणि ताकदीची आहे, स्टार्टला उशीर झाला, टर्नला भिंत लांब पडली. आणि मग त्याने सांगायचं की मी काय करीन. उत्तर तुम्ही देऊ नका, चुकीचं वाटलं तरी सकाळी कोचला विचारा. साधं वाक्य असावं, कॅप गेली तर केस तोंडावर येतील, मी डोकं खालीच ठेवीन. एवढंच पुरतं.

स्पर्धेच्या आठवड्यात नवीन काही आणू नका, नवा गॉगल तर अजिबात नाही, निदान दहा-बारा सेशन वापरलेलाच न्या आणि दुसरा तसाच वापरलेला बॅगेत ठेवा. हीट झाल्यावर टाइमिंग विचारण्याआधी पाणी द्या, थोडं खायला द्या, कूल डाउन झालं का बघा. पुढच्या इव्हेंटला किती वेळ आहे ते कॉल रूमच्या (रेसआधी पोहणाऱ्यांना बोलावतात त्या खोलीच्या) यादीवर बघून सांगा, आणि मुलाला आडवं पडून दहा मिनिटं डोळे मिटू द्या. घरी आल्यावर वहीत प्रत्येक रेससमोर तीन गोष्टी लिहून घ्या, शेवटच्या लांबीला स्ट्रोक किती लागले, फिनिश कसा लागला, आणि काय बिघडलं तेव्हा काय केलं. सोमवारी ती वही कोचकडे गेली पाहिजे, कारण पुढच्या महिन्याचे सेट त्यावरून लिहायचेत.